काचेवरची विभूती

मित्रांनो, आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी टीव्ही नाही. औरादच्या बाजाराला आलेली पोरं मला टीव्ही समजून खिडकीला लोंबकळायची, आणि थोड्या वेळानं "ह्यात नुसते आकडेच लागतेत की रे!" म्हणून तोंड वाकडं करून निघून जायची. मी संगणकाचा जुना पडदा आहे. सगळे मला मॉनिटर म्हणतात. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटवायची, एवढंच मला येतं. पण तेवढं मी नीट करत होतो, हे लक्षात ठेवा.

आता मी बारदानाच्या थप्पीशेजारी पडून आहे. पडल्या पडल्या जुनं आठवतं आणि चिडायला होतं. तुम्ही शाळेत वाचता ना, मोडकी छत्री, फाटकं पुस्तक, सगळी आपले हाल सांगत असतात. माझे कुणी हाल केले नाहीत. माझी पूजा केली. हाल झाले ते माझ्यासमोर बसणाऱ्या राजूबाईच्या डोळ्यांचे. मी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते वीतभर अंतरावरून बघत होतो. माझ्या काचेवर हजारो आकडे उमटले, पण "अहो, असं नका करू" एवढे चार शब्द मला कधी स्वतःहून उमटवता आले नाहीत. याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट जगात दुसरी नसेल.

माझा जन्म बेंगळूरकडच्या एका कारखान्यातला. माझ्या काचेच्या आतून एक पूड लावलेली आहे. तिच्यावर विजेचा बारीक झोत पडला की ती हिरवी चमकते. शेजारच्या रांगेत माझी भावंडं होती, कुणी तांबूस चमकायची, कुणी पांढरी. कारखान्यात एक बाई शेवटची तपासणी करायची. तिनं मला चालू केलं, अक्षरं बघितली, मग बंद करून मऊ फडक्यानं काच पुसली. कोपरेसुद्धा पुसले. तेव्हा मला वाटलं, माणसं अशीच असतात, वापरण्याआधी पुसतात.

मग खोका, मग लॉरी, मग बिदर. बिदरहून औरादला मी एस.टी.तून आलो, बाबूलाल शिपायाच्या मांडीवर. रस्ता तुम्हाला ठाऊक असेल तर त्याच्या मांड्यांचं काय झालं ते सांगायला नको. कंडक्टरनं विचारलं, "ह्याचं तिकीट?" बाबूलाल म्हणाला, "पोटच्या लेकराचं तिकीट काढतेत का, साब?" सगळी बस हसली. तेवढीच काय ती मजा.

औरादला शेतकऱ्यांचा एक सहकारी संघ होता. तूर, करडी, मूग घेऊन गावोगावच्या गाड्या तिथं यायच्या. काट्यावर पोती मोजायची आणि शेतकऱ्याला पावती द्यायची, हे काम. आधी पावत्या हातानं लिहायचे. चेअरमन तात्याराव बिदरला कुणाकडं तरी संगणक बघून आले आणि हट्टाला पेटले. "आपन काय मागं ऱ्हायाचं का?" म्हणून मी आलो.

संघाचा सगळा कारभार हावगेप्पांच्या हाती होता. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. पांढरं धोतर, पांढरी टोपी, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. आवाज कधी चढवायचे नाहीत. शेतकऱ्याला उन्हात उभं करायचे नाहीत. असा माणूस शोधून सापडणार नाही आणि म्हणूनच पुढची सगळी पंचाईत झाली. माणूस वाईट असता तर कुणीतरी कधीतरी भांडलं असतं की.

मला खोक्यातून काढलं तेव्हा अप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चपला भाईर काढा सगळ्यांनी. लक्ष्मी आली."

झालं! मी त्या दिवशी वस्तूचा देव झालो. देव म्हटल्यावर देवाला लागतं ते सगळं आलं. टेबलावर चौरंग ठेवला आणि चौरंगावर मी. देवाचं तोंड पूर्वेला, म्हणून माझंही तोंड पूर्वेला. पूर्वेला भली मोठी खिडकी, खिडकीबाहेर लिंबाचं झाड आणि झाडामागून उगवणारा औरादचा सूर्य. सकाळचं सगळं ऊन थेट माझ्या काचेवर. बाबूलाल रोज येऊन माझ्यापुढं उदबत्ती लावायचा. मित्रांनो, माझी काच चालू झाली की तिच्या अंगात विजेची ओढ येते. धूळ, धूर, कापसाचा तंतू, जे हवेत असेल ते येऊन चिकटतं. तुरीचा भुसा उडत होता, उदबत्तीचा धूर होता. पंधरवड्यात माझ्या तोंडावर तेलकट पुटं चढली.

आणि माझ्यासमोर बसली राजूबाई.

राजूबाई औरादचीच, भीमनगरातली. तिचे वडील याच संघाच्या काट्यावर हमाली करायचे. ज्या काट्यावर बाप पोती उचलत होता, त्याच काट्याचे आकडे लेक माझ्यावर उमटवायची. बिदरला राहून टायपिंग शिकलेली, बोटं अशी चालायची की मला धाप लागावी. दुपारी वडील दाराशी पाणी प्यायला थांबायचे. आत यायचे नाहीत. आतल्या लेकीकडं एकदा बघायचे, पाणी प्यायचे आणि जायचे. त्या एका बघण्यासाठी ती पदर सावरून ताठ बसायची. तिची नोकरी कच्ची होती. दोन हंगाम काम नीट झालं तर दसऱ्यानंतर पक्की करू, असं तात्यारावांनी सांगितलं होतं.

चौरंगामुळं मी उंच, खुर्ची बुटकी. तिला मान वर करून, डोळे ताणून माझ्याकडं बघावं लागायचं. खाली बघताना पापणी अर्धी मिटलेली असते, डोळा ओला राहतो. वर बघताना तो उघडा पडतो. त्यात माझ्याकडं बघणारा माणूस पापणी मिटायलाच विसरतो, हे मी सगळ्यांच्या बाबतीत बघितलं आहे. डोळा वाळायचा, मग झोंबायचा, मग पाणी यायचं.

"रडायलीस कामून गं?" अप्पा विचारायचे.

"रडंना मी, अप्पा. पानी यायलंय नुसतं."

"उदबत्ती लांब लाव रे, बाबूलाल." अप्पांनी तेवढं केलं. उदबत्ती हातभर लांब गेली. धूर मात्र माझ्या ओढीनं परत माझ्याकडंच आला.

एक दिवस दुपारी राजूबाईनं मान वर केली, समोरच्या चुन्याच्या भिंतीकडं बघितलं आणि म्हणाली, "अप्पा, भिंतीला गुलाबी चुना कवा मारला?"

भिंत पांढरीफेक होती.

मित्रांनो, यात काही जादू नाही. हिरव्याकडं बघून बघून डोळा दमला की पांढरं त्याला गुलाबी दिसतं. थोडा वेळ बाहेर लिंबाखाली बसलं की उतरतं. माझ्या तांबूस भावंडाकडं बघितलं असतं तर पांढरं निळसर दिसलं असतं, एवढाच फरक. पण हे सांगणार कोण? मी आकडे उमटवण्यात गुंतलेलो.

"या अल्ला," बाबूलाल हळूच म्हणाला. "अक्का, घरी भाकर कशी दिसतीया?"

"ती बी गुलाबीच," राजूबाईनं खरं ते सांगून टाकलं.

बस्स! बाबूलाल बाजारात गेला आणि येताना बातमी होऊन आला. संघातल्या पोरीला भानामती झाली. आमच्या या मुलखात भानामतीचं नाव नुसतं निघालं तरी बायांच्या अंगावर काटा येतो. एक-दोघी जणी तर राजूबाईच्या घरापुढून जाताना पदर तोंडाला लावायला लागल्या.

अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांचा जीव कळवळला. दुसरा कुणी असता तर पोरीला घरी बसवलं असतं. अप्पा म्हणाले, "भानामती-बिनामती काय नसतंय. पन लोकांचं तोंड कोन धरावं? शिवाची इभूत लावतो. तुझ्या केसालाबी धक्का लागत न्हाई, बाई." आणि त्यांनी विभूतीत तीन बोटं बुडवून माझ्या काचेवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, तीन पट्टे ओढले. बरोबर मधोमध, जिथं पावतीचा आकडा उमटायचा तिथं.

मग दर सोमवारी नवे पट्टे.

आता सांगा, काय करावं? धुळीवर धूर, धुरावर विभूती, विभूतीवर सकाळचं ऊन. आणि त्या सगळ्याच्या मागं मी, जीव तोडून हिरवा होतोय. राजूबाई माझ्या पोटाखालचं गोल बटण फिरवून मला जास्त उजळ करायची. उजळ केलं की माझी अक्षरं फुगतात, कडा विस्कटतात, तीनचा आठ दिसतो. आठ पुसट झाला की तीन दिसतो. मला त्या वेळी फुटून जावंसं वाटायचं. खरंच.

एकदा जेवणाच्या सुटीत बाबूलाल तिला म्हणाला, "अक्का, पुसून टाका की पदरानं. कोन बघायलंय?"

राजूबाई भाकरीचा तुकडा हातात धरून थांबली. "तू पुसलास तर चुकून पुसला म्हनतेत. मी पुसले तर मुद्दाम पुसली म्हनतेत."

"असं कामून?"

"माहीत न्हाई व्हय तुला? छप्पन सालानंतर आमच्या घरातले देव गेले. भिंतीवर एक बुद्धाची तसबीर हाय. त्या घरातल्या पोरीनं अप्पाच्या हातची इभूत पुसली, ह्याची गोष्ट बाजारात किती लांब जाईल?" मग जरा थांबून म्हणाली, "आन अप्पा माझ्यासाठी लावतेत. शिवी देनाऱ्याला उलटून बोलता येतंय. माया करनाऱ्याला काय बोलावं?"

"मग मी पुसू?"

"पूस की."

बाबूलाल उठला, माझ्याजवळ आला, हात वर केला आणि खाली घेतला. "नको बा. अप्पा मारत न्हाईत, पन बघतेत. ते बघनं सोसत न्हाई."

दोघंही परत जेवायला बसले. मला हसावं की रडावं कळेना.

शेवटी राजूबाई गुलबर्ग्याला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून आली. डॉक्टरांनी सगळं तपासलं. नंबर नाही, डोळ्यात दोष नाही, म्हणाले. थेंब दिले. ते ऐकून तात्याराव म्हणाले, "डोळे चांगले हायत म्हंजी यंत्रात खोट हाय. यंत्र बदला."

मला उचलून कपाटावर ठेवलं आणि माझ्या जागी तांबूस अक्षरांचा पडदा आणला. मी कपाटावरून सगळं बघत होतो. तांबूस भाऊ चांगला होता. त्याचा उजेड उबदार, रात्रीच्या चुलीतल्या निखाऱ्यासारखा. कुणाला तो माझ्यापेक्षा बरा वाटतो, कुणाला मी बरा वाटतो. पण त्याला ठेवला कुठं? त्याच चौरंगावर, त्याच खिडकीकडं तोंड करून. बाबूलालनं उदबत्ती लावली. सोमवार आला, पट्टे आले. मी कपाटावरून मनातल्या मनात ओरडत होतो, अरे, तो नवा आहे, त्याला तरी सोडा! राजूबाईचे डोळे तसेच लाल. वीज कमी-जास्त होऊन एक दिवस बिचाऱ्यानं मान टाकली.

मग तात्यारावांनी रंगीत आणला. त्याला बघायला निम्मं औराद लोटलं. "सिनेमा लावा की हो अप्पा," अशी मागणी झाली. दिसायला तो देखणा. पण त्या काळच्या रंगीत पडद्याचं एक दुखणं होतं. तो लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांतून अक्षर जुळवायचा. चित्राला ते शोभायचं. बारीक आकड्याच्या कडेला मात्र रंगाची झालर सुटायची आणि डोळा ती झालर दुरुस्त करता करता थकायचा. दोन दिवसांत राजूबाईचं डोकं दुखून ती ओकली. रंगीत पडदा तात्यारावांच्या खोलीत शोभेला गेला आणि मी परत चौरंगावर आलो. सोबत तात्यारावांचा निकालही आला.

"तीन यंत्रं बदलली. आता यंत्रात खोट न्हाई. पोरीतच खोट हाय."

मला विचाराल तर तिन्ही यंत्रं बरी होती. आमच्यात फरक आहेत, नाही असं नाही. पण घोडा, बैल, रेडा बदलून काय उपयोग? जूच उलटं बांधलं होतं.

तेवढ्यात तुरीची एक गाडी आली, ठाणाकुशनूरच्या गुरप्पाची. गेल्या हंगामातली ठेवणीतली तूर सणाच्या तोंडावर विकायला काढलेली. सकाळची वेळ, ऊन माझ्या तोंडावर. अडतीस पोती होती. गडबडीत राजूबाईचं बोट आठाऐवजी तीनवर पडलं, पट्ट्याआड फुगलेला तो तीन तिला आठच दिसला, आणि तेहतीस तसेच राहिले. पावती निघाली.

गुरप्पा पावती कुणाकडून तरी वाचून घेऊन परत आला तो तणतणतच. "पाच पोती काय वाऱ्यानं उडाली व्हय? सा कोसावरून गाडी आनली मी! हाताच्या पावतीत असं कवा झालं न्हाई!"

"चुकलं, अण्णा. आताच दुरुस्त करते," राजूबाई म्हणाली.

"डोळे फुटले काय? कुनाला बशिवलंय हितं!"

आवाज ऐकून काट्यावरचा हमाल दाराशी आला. पाठीवर पोतं तसंच. राजूबाईचे वडील. गुरप्पानं त्यांना ओळखलं नाही, कारण हमालाकडं कोण बघतं? ते पोतं घेऊन मागं फिरले. त्या दिवशी पाणी प्यायला दाराशी आले नाहीत.

पावती दुरुस्त झाली. अप्पांनी गुरप्पाला चहा पाजला. पण तात्यारावांनी सांगून टाकलं, खंडेनवमीची पूजा झाली की राजूबाईचा हिशेब संपवायचा. अप्पांनी दोन शब्द रदबदली केली. मग रुमालानं डोळे टिपत परत आले आणि सोमवार नसतानाही माझ्यावर एक जादा पट्टा ओढला. मित्रांनो, मी काय म्हणू त्या माणसाला?

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी नांगर, कोयते, काटा, मोटार, सगळ्यांची पूजा होते. काट्याला झेंडूची माळ, लॉरीला माळ, मला माळ. अप्पांच्या घरून निलम्मा पूजेचं ताट घेऊन आल्या. निलम्मा म्हणजे अप्पांच्या मालकीण. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळाला विभूती आणि ठसठशीत कुंकू, आणि बोलणं असं की अप्पा त्यांच्यापुढं आणखीच गप्प व्हायचे.

"हेच व्हय ते?" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "ज्याच्यापायी आमच्या मालकाला दोन वर्सं जेवन गोड लागंना ते?"

"चपला काढा आधी," अप्पा म्हणाले.

"काढल्या की. आन ती पोर कुठाय? तुम्ही रोज जिचं नाव काढून उसासे टाकायलाव ती?"

राजूबाई कोपऱ्यात उभी होती. आज शेवटचा दिवस, म्हणून ती चांगलं लुगडं नेसून आली होती. निलम्मांनी तिला जवळ ओढलं. "डोळे बघू. अगं बाई गं, हे काय जास्वंद झालेत! बस बस. न्हाई, थांब, मीच बसते. मला बघू दी हे काय खाऊ का गिळू करतंय."

आणि निलम्मा राजूबाईच्या खुर्चीत बसल्या. दोन वर्षांत त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं नव्हतं. अप्पा रोज माझी पूजा करायचे, पण बाजूला उभं राहून. तात्याराव मला दाखवायला पाहुणे आणायचे, पण दारातून.

"लाव गं चालू."

राजूबाईनं मला चालू केलं. निलम्मांना इंग्रजी येत नव्हतं, कन्नड पोथी तेवढी वाचायच्या. त्यांनी मान वर केली, डोळे ताणले, बारीक केले, परत ताणले.

"हितं तर मीच दिसायले की! माझं कुंकू दिसायलंय. माझ्यामागं खिडकी, लिंबाचं झाड. झाडावर कावळा बी हाय. अक्षरं कुठायत?"

राजूबाईच्या तोंडून निघून गेलं, "दोन वर्सं झाली, अम्मा. मी बी मलाच बघायले."

निलम्मांनी बोट पुढं करून माझ्या काचेजवळ आणलं. "आन हे पांढरं कुनी लावलं?"

"मी," अप्पा म्हणाले. त्यांची तीन बोटं ताटातल्या विभूतीत बुडालेली होती. आजचे पट्टे ओढायचे बाकी होते.

"इभूत कपाळाला लावतेत. डोळ्याला कामून लावलाव?"

अप्पांनी विभूतीतली बोटं वर घेतली.

"पूस गं ते," निलम्मा राजूबाईला म्हणाल्या.

राजूबाई हलली नाही. माझी काच तापलेली होती, आतली पूड चमकत होती, आणि मी मनात म्हणत होतो, पूस, बाई, पूस, आता तर सांगितलंय. तिनं पदर हातात घट्ट धरला होता.

"मी कशी पुसू, अम्मा?" ती म्हणाली. "मी पुसले तर भीमनगरच्या पोरीनं इभूत पुसली हुतंय. माझी नोकरी तर चाललीच हाय. माझा बाप अजून ह्याच काट्यावर हाय."

बाहेर काट्याला माळ घालायचा गलका चालला होता. आत बाबूलाल स्वतःच्या पायांकडं बघत होता.

अप्पा जागचे हलले. पुढं येऊन त्यांनी विभूतीची बोटं आपल्याच धोतराला पुसली. मग धोतराचा सोगा हातात घेतला आणि माझी काच पुसायला लागले. आधी हळू. मग जोरात. राख गेली, धूर गेला, दोन वर्षांचं पुट धोतरावर काळं उतरलं. कोपरे मात्र राहिले. त्यांना कोपरे पुसायची सवय नव्हती.

"मला सांगितलीस कामून न्हाईस?" ते तिच्याकडं न बघता म्हणाले. आवाज दुखावलेला होता.

"तुम्ही माझ्यासाठी लावत हुताव, अप्पा."

अप्पांनी काळं झालेलं धोतर सोडलं आणि बाबूलालला म्हणाले, "चौरंग काढ."

चौरंग निघाला. मी टेबलावर आलो, राजूबाई समोर बसली, आणि पहिल्यांदा तिचे डोळे मला वरून खाली बघताना दिसले. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, जशा शिवताना किंवा भाकरी थापताना असतात तशा. माझं तोंड फिरवायला मात्र अप्पा तयार होईनात. "पूर्वेचं तोंड ऱ्हाऊ द्या," म्हणाले. निलम्मा म्हणाल्या, "मग सूर्याचं तोंड झाका." बाबूलालनं तुरीचं एक रिकामं बारदान आणलं आणि खिडकीला चार खिळे ठोकून लावून टाकलं. खोलीत सावली आली, तुरीचा वास आला, आणि माझी अक्षरं कुणाच्या कुंकवातून, कुणाच्या कावळ्यातून न जाता सरळ दिसायला लागली. राजूबाईनं बटण फिरवून मला मंद केलं. किती दिवसांनी मला कुणी मंद केलं होतं!

पूजा राहिलीच होती. अप्पांनी विभूती घेतली आणि काचेच्या वरच्या कडेला, लाकडासारख्या रंगाच्या माझ्या चौकटीवर, तीन पट्टे ओढले. कपाळावर.

दसऱ्यानंतर पहिल्याच बाजाराला गुरप्पा परत आला. पावती हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, दुसऱ्याकडून वाचून घेतली, काही न बोलता खिशात घातली. आमच्याकडं हीच शाबासकी. तात्याराव आठवडाभर दारातून डोकावत राहिले, चूक सापडेना, मग कंटाळून रंगीत पडद्यापुढं जाऊन बसले. त्यांनी राजूबाईला राहू दिलं, पक्कं मात्र पुढच्या हंगामात केलं. थेट "चुकलो" म्हणणं चेअरमनच्या स्वभावात नव्हतं. तिचे वडील परत दाराशी येऊन पाणी प्यायला लागले. डोळ्यांचं दुखणं सगळं गेलं असं नाही. माझ्याकडं दिवसभर बघणं हे कष्टच आहेत. पण ती मधून मधून उठून लिंबाखाली उभी राहायची, लांबच्या काट्याकडं बघायची, आणि भिंत परत पांढरी झाली की आत यायची.

बाळांनो, मला आजही चीड येते ती याची. एक धोतराचा सोगा, एक रिकामं बारदान, आणि समोरच्या खुर्चीत एकदा बसून बघणं. एवढ्यासाठी दोन वर्षं. आमच्यात कोण हिरवा, कोण तांबूस, कोण रंगीत, याची निवड जरूर करा. पण त्याआधी समोर बसणाऱ्याला विचारा की तुला काय दिसतं. तो गप्प असेल तर त्याच्या खुर्चीत बसा. यंत्राची पूजा करायची असेल तर करा, मला आवडते. फक्त कपाळावर करा.

अखेर नव्वद साली माझ्या जागी नवा पडदा आला. सपाट काचेचा, चकाकी कमी असलेला. मला इथं बारदानाच्या खोलीत आणून ठेवलं. बाबूलालनं माझ्यावर पोतं टाकायला उचललं, तेवढ्यात राजूबाई मागून आली. "थांब जरा," म्हणाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि माझी काच पुसायला लागली. कोपरेसुद्धा. कारखान्यातल्या त्या बाईनंतर माझे कोपरे कुणी पुसले नव्हते.

बाबूलाल म्हणाला, "आता कामून पुसायलाव, अक्का? ह्याच्यात कोन बघनार हाय?"

"त्याला बघायचं आसंल की," राजूबाई म्हणाली.